थर्मलमध्ये रात्री एकनंतर सगळं दुधाळ होतं, डुक्कर की वासरू कळत नाही : काय तपासायचं आणि नवीन घेताना काय बघायचं

थर्मल मोनोक्युलर म्हणजे अंधारात उष्णतेवरून चित्र दाखवणारी एका डोळ्याची दुर्बीण, तिचा हा त्रास मला सलग दोन हंगाम झाला आणि आता ओळखीतले तिघेजण तोच प्रश्न विचारतायत म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. मी राहतो ठाण्यात, माजिवड्याला, पण शेती मुरबाडच्या पुढे, सरळगाव सोडलं की आत. तिथे सप्टेंबरच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे भात दुधात भरलं की कापणी होईपर्यंत, रानडुकरं जवळजवळ रोज रात्री येतात. खातात त्याच्या दुप्पट तुडवतात, आडवं झालेलं भात परत उभं राहत नाही, आणि बांध तर असे उकरतात की नांगर फिरवल्यासारखा दिसतो. आमचे नाना, म्हणजे माझे काका, या वयातही माळ्यावर राखणीला बसतात, डबा बडवतात, बॅटरी मारतात, डुकरं या खाचरातून उठून त्या खाचरात जातात आणि सकाळी बघायचं तर दोन्हीकडचं गेलेलं. म्हणून मी थर्मल मोनोक्युलर घेतलं, शुक्रवारी ऑफिस सुटलं की कल्याण, म्हारळ, गोवेली करत शेतावर जायचं आणि नानांसोबत बसायचं.

त्रास कसा होता ते नीट सांगतो, तुमचं याच्याशी जुळतं का बघा. शेतावर पोचलो की पहिली वीस-पंचवीस मिनिटं चित्र धुरकट, मग हळूहळू साफ व्हायचं. साडेअकरा-बाराला मस्त, ससा पळाला तरी दिसायचा. आणि एक-दीडनंतर परत सगळं दुधात बुडवल्यासारखं, झाडं, बांध, भात सगळं एकाच राखाडी रंगात, आणि नेमकी डुकरं यायची वेळ तीच. वर त्या दुधात एखादा पांढरा ठिपका दिसलाच तर तो डुक्कर, कुत्रा, शेजारचं सुटलेलं वासरू की माणूस, काहीच कळायचं नाही. मी पहिल्यांदा मशीन खराब म्हणून विकणाऱ्याकडे पाठवलं, तिकडून "काही दोष नाही" म्हणून परत आलं, आणि खरंच दोष नव्हता. एकाच लक्षणामागे चार वेगवेगळी कारणं होती आणि मी ती एकच समजून बसलो होतो.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट. या विषयावर इंटरनेटवर जे व्हिडिओ सापडतात त्यातले बहुतेक टेक्सासचे, रायफलवर थर्मल स्कोप लावून रात्री डुकरं मारायचे. तिकडची डुकरं बाहेरून आणलेली आणि नंतर रानटी झालेली, खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने ती मारायला २०१९ पासून शिकारीचं लायसन्ससुद्धा लागत नाही. आपल्याकडे रानडुक्कर इथलाच प्राणी आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली त्याची शिकार गुन्हा आहे, पिकाचं नुकसान करत असलं तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे मी लिहितोय ते हातात धरायच्या मोनोक्युलरबद्दल, बंदुकीवरच्या स्कोपबद्दल नाही. सेन्सर, लेन्स, बिघाड हे दोन्हींत सारखंच असतं पण निवड वेगळी होते, ते खाली येईलच.

आता तपासणी. सगळ्यात आधी हे करा, बाकी काही करू नका: सोबतच्या माणसाला दहा पावलांवर उभं करा आणि थर्मलमधून त्याचा चेहरा बघा. चेहरा लख्ख, नाक थोडं गार, चष्मा असेल तर डोळ्यांवर काळे चौकोन, इतकं स्वच्छ दिसत असेल आणि तरी मागचं शेत सपाट राखाडी असेल, तर मशीन ठीक आहे, अडचण हवेत किंवा सेटिंगमध्ये आहे. चेहरासुद्धा मेणाचा वितळल्यासारखा दिसत असेल तर अडचण तुमच्या हातात आहे, म्हणजे लेन्सवर, फोकसमध्ये किंवा कॅलिब्रेशनमध्ये (सेन्सरचे सगळे ठिपके एका पातळीवर आणणं, ते खाली सांगतो). त्याच वेळी स्क्रीनच्या कोपऱ्यातली चिन्हं बघा, सेल किती उरलाय वगैरे दाखवतात ती. चिन्हं धूसर असतील तर डोळ्याकडची बाजू, एकतर तिथली काच श्वासाने धुरकटलीय नाहीतर डायऑप्टरची, म्हणजे आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायची छोटी रिंग हललीय. चिन्हं कोरीव आणि चित्र धूसर असेल तर पुढची लेन्स किंवा पुढची फोकस रिंग. या एका चाचणीने माझा अर्धा घोळ सुटला. आधी मी धूसर दिसलं की दोन्ही रिंगा फिरवत बसायचो आणि आणखी बिघडवायचो.

पहिलं कारण दव. माझ्याकडे शेतावर पोचल्यावरचं धुरकट चित्र म्हणजे पुढच्या लेन्सवरचा दव होता आणि याला कारण माझ्याच गाडीचा एसी. ऑक्टोबरच्या रात्री मुरबाडला बाहेर समजा २६ अंश आणि हवेत ९० टक्के ओल, तर त्या हवेतलं पाणी साधारण २४ अंशाला धरायला लागतं. गाडीत एसी २२ वर, मोनोक्युलर दीड तास पुढच्या सीटवर पडलेलं, म्हणजे तेही २२ ला. दार उघडून बाहेर काढलं की फ्रिजमधल्या बाटलीवर येतं तसं पाणी लगेच लेन्सवर. साध्या दुर्बिणीत हे पाणी डोळ्याला दिसतं तरी, थर्मलमध्ये मात्र इतका पातळ थर आला तरी पुरतो, कारण हे मशीन ८ ते १४ मायक्रॉनची उष्णतेची लहर पकडतं आणि पाणी ती लहर गिळून टाकतं. म्हणजे तुम्ही शेत बघतच नसता, लेन्सवरच्या गार पाण्याचीच उष्णता बघत असता. मला हे कळलं ते एका रात्री नानांनी बॅटरी तिरकी धरली तेव्हा. ती काळपट निळी जर्मेनियमची लेन्स एरवी आरशासारखी चमकते, त्या रात्री तिच्यावर बारीक बारीक थेंबांची साय आलेली, मधोमध माझ्या बोटाचा ठसा.

तो ठसा कसा आला तर मी टीशर्टने पुसत होतो. ते करू नका, जर्मेनियमवर कोटिंग असतं आणि कपड्यातली माती त्याला ओरखडे पाडते. आणि पुसून उपयोगही नाही, लेन्स गारच असल्यामुळे मिनिटभरात परत थर येतो. उपाय साधा आहे. मशीन बंद केसमध्ये ठेवून केस मागे डिकीत टाकायची, पुढे एसीत नाही. शेतावर पोचलं की केस न उघडता वीस मिनिटं बाहेर ठेवायची, मग उघडायची. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवतो. हे सुरू केल्यापासून पोचल्याबरोबरचं धुरकटपण एकदाही आलेलं नाही.

मग एकनंतरचं दूध कसलं? तेही अर्धं दवच निघालं, पण वेगळ्या वाटेने आलेलं. उघड्या आकाशाखाली ठेवलेली कुठलीही वस्तू रात्री आपली उष्णता वर सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, गवतावर आणि गाडीच्या टपावर दव पडतो तो असाच. माळ्यावर मी मोनोक्युलर लेन्स वर करून फळीवर उभं ठेवायचो, म्हणजे दव गोळा करायला वाटीच मांडून ठेवल्यासारखं. आता गळ्यात अडकवतो, लेन्स जमिनीकडे, बघत नसेन तेव्हा टोपण लावलेलं. पण जॅकेटच्या आत ठेवू नका, अंगाची वाफ लागते आणि डोळ्याकडची काच धुरकटते. मशीन चालू असेल तर स्वतःच्या गरमीने लेन्स थोडी तरी कोरडी राहते, म्हणून मध्यरात्रीनंतर मी ते बंद करत नाही, फक्त स्क्रीन झोपवतो, सेल जास्त जातो ते चालेल.

दुसरं कारण कॅलिब्रेशन, आणि याने मला सगळ्यात जास्त घाबरवलं होतं. थर्मल वापरताना मधूनच आतून "टक" असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थांबतं, ते बिघाडाचं लक्षण नाही. आत एक छोटं शटर सेन्सरसमोर येतं, सेन्सर त्या सपाट शटरकडे बघून सगळे पिक्सेल एका पातळीवर आणतो. सेन्सरचं स्वतःचं तापमान बदलत गेलं की पिक्सेल पुन्हा एकमेकांपासून सरकतात, उभ्या रेघा दिसायला लागतात, चित्र मळकट होतं, म्हणून हे वारंवार करावं लागतं. मला त्या टक आवाजाने डुकरं बिचकतील असं वाटलं म्हणून मी ऑटो बंद करून मॅन्युअल केलं. काही मशीनमध्ये मॅन्युअलला शटर न वापरता टोपण बंद करून कॅलिब्रेट करायचं असतं, माझंही तसलंच, आणि मी टोपण न लावताच बटण दाबलं. झालं काय की त्या वेळी समोर जे सागाचं झाड होतं त्याचा काळा ठसा स्क्रीनवर बसला आणि मी जिकडे वळेन तिकडे ते झाड माझ्यासोबत. सेन्सर जळला असं वाटून मला रात्रभर झोप नाही. सकाळी टोपण लावून परत बटण दाबलं तर दोन सेकंदात साफ. तेव्हा चित्रात एखादा आकार जागेवरच चिकटून बसलेला दिसला तर आधी टोपण लावून कॅलिब्रेट करा, मग घाबरा. टक आवाजाचं म्हणाल तर डुकराचं नाक आणि कान तिखट असतात हे खरं, पण माळ्यावरून शंभर-दीडशे मीटरवर तो आवाज पोचत नाही, मी परत ऑटोवर आणलं. मात्र सूर्याकडे चालू थर्मल कधीच वळवू नका, बंद असलं तरी टोपण ठेवा, त्याने सेन्सर खरोखर जळतो आणि तो डाग कॅलिब्रेशनने जात नाही.

तिसरं कारण समोरचं दृश्य. थर्मलला उजेड लागत नाही पण तापमानातला फरक लागतो, आणि फरकच उरला नाही तर लाखाचं मशीन असो की दोन लाखाचं, राखाडी पडदाच दिसणार. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर आणि सकाळी उजाडताना अशी एक वेळ येते की तापलेले दगड आणि थंड झाडं एकमेकांच्या तापमानाला येतात, तेव्हा थोडा वेळ सगळं सपाट दिसतं. पाऊस पडून गेला की रात्रभर तसंच, कारण पान, माती, बांध सगळं एकाच गार पाण्याने धुतलेलं असतं. प्राणी तरीही दिसायला हवा कारण तो आतून गरम आहे, पण चिखलात लोळून आलेलं डुक्कर कोरड्या डुकरापेक्षा बरंच फिकं दिसतं, अंगावर ओला गारा थापलेला असतो, फक्त डोळ्याभोवती, कानाजवळ आणि पोटाखाली उजळ. उलट खाचरात पाणी साठलेलं असेल तर ते दिवसभराची ऊब धरून ठेवतं आणि रात्री भाताच्या पानांपेक्षा उजळ दिसतं, नवखा माणूस त्या पाण्याच्या चकत्यांना जनावर समजतो. मीही समजायचो.

यातली एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. मशीन समोरच्या दृश्यातलं सगळ्यात गार आणि सगळ्यात गरम घेऊन त्यांच्यामध्ये काळ्या-पांढऱ्याच्या छटा वाटत असतं. चौकटीत मोकळं आकाश आलं, जे थर्मलला प्रचंड गार दिसतं, की अर्ध्या छटा आकाश आणि जमीन यांच्यातल्या फरकावर खर्च होतात आणि शेतातल्या बारीक फरकाला काहीच उरत नाही. शेकोटीचं तसंच, उलट बाजूने. आमची शेकोटी माळ्याच्या डाव्या हाताला, आणि मी डावीकडचा बांध बघताना ती चौकटीच्या कोपऱ्यात येत होती, त्यामुळे नेमका तोच बांध मला नेहमी मेलेला दिसायचा. शेकोटी माळ्याच्या मागे नेली आणि मोनोक्युलर जरा खाली झुकवून आकाश कापायला लागलो तर त्याच हवेत, त्याच मशीनमध्ये बांधावरचं गवत वेगळं दिसायला लागलं. नानांनाही दाखवलं, ते म्हणाले "आता दिसतंय रं, मगाशी काय बघत होतास." पावसा-धुक्यासाठी वेगळा मोड असेल तर तो लावा, ब्राइटनेस आहे त्याच्या निम्म्यावर आणा, आणि रंगीत पॅलेट सोडून द्या, व्हाइट हॉट (गरम ते पांढरं) किंवा ब्लॅक हॉट (गरम ते काळं) बस. मला ब्लॅक हॉटमध्ये आकार लवकर कळतो आणि डोळा कमी दिपतो, नानांना पांढराच आवडतो.

आणि उभ्या भातातून थर्मल आरपार बघत नाही. डुक्कर खांद्याशी पाऊण मीटरच्या आसपास, भरलेलं भात जवळजवळ तेवढंच, आत शिरलेलं जनावर तुम्हाला दिसणारच नाही, पाठीची एखादी रेघ दिसली तर दिसली. म्हणून खाचरात शोधू नका, बांध, ओहोळ आणि जंगलाची कड यांच्यावर नजर ठेवा, शिरायच्या आधीच दिसायला हवं. माळा जितका उंच तितकं बरं.

आता चौथं कारण, डुक्कर की वासरू कळत नाही ते. इथे माझी निवड चुकली होती. पहिलं मोनोक्युलर होतं २५६ बाय १९२ सेन्सर, १२ मायक्रॉनचे पिक्सेल, १० मिमी लेन्स. खोक्यावर बाराशे मीटरपर्यंत ओळखतं वगैरे लिहिलेलं. तो आकडा बहुतेक वेळा उभ्या माणसाच्या मापाने काढलेला असतो आणि त्याचा अर्थ इतकाच की तिथे काहीतरी गरम आहे हे कळेल. आपल्याला काय लागतं त्याचा हिशोब कागदावर करता येतो, कॅल्क्युलेटरही लागत नाही: पिक्सेलचे मायक्रॉन गुणिले अंतर मीटरमध्ये, भागिले लेन्सचे मिमी, उत्तर येतं एक पिक्सेल त्या अंतरावर किती मिलिमीटर झाकतो. आमच्या माळ्यापासून पलीकडचा बांध १८० मीटर. १२ गुणिले १८० भागिले १० म्हणजे २१६, म्हणजे एक पिक्सेल वीतभर. पाऊण मीटर उंच आणि सव्वा मीटरभर लांब डुक्कर त्यात साडेतीन पिक्सेल उंच आणि सहा पिक्सेल लांब. साडेतीन बाय सहा ठिपक्यांत तुम्ही डुक्कर आणि वासरू वेगळं काढू शकत नाही, डोळे कितीही ताणा.

किती पिक्सेल लागतात याचं जुनं माप आहे, १९५८ साली अमेरिकी लष्करातल्या जॉन जॉन्सनने ठरवलेलं, अजूनही तेच वापरतात. काहीतरी आहे हे कळायला वस्तूच्या छोट्या बाजूवर साधारण २ पिक्सेल, कुठल्या प्रकारचं आहे हे कळायला ८, आणि नेमकं काय आहे हे कळायला १३ च्या आसपास. तेही निम्म्या वेळा बरोबर येईल इतकंच. दुसरं मशीन मी हा हिशोब करून घेतलं, ३८४ बाय २८८, तेच १२ मायक्रॉन, पण लेन्स २५ मिमी. त्याच बांधावर एक पिक्सेल ८६ मिमी, डुक्कर जवळपास नऊ पिक्सेल उंच, चौदा-पंधरा लांब, म्हणजे डुकराच्या जातीचं काहीतरी आहे हे कळतं. शंभर मीटरवर १५ पिक्सेल, तिथे खात्री होते. डिजिटल झूमने यातलं काहीही वाढत नाही, तेच नऊ पिक्सेल मोठे चौकोन होऊन दिसतात, त्यामुळे दुकानात कुणी आठपट झूम दाखवायला लागला तर बेस मॅग्निफिकेशनवरच, म्हणजे झूम न करता बघा.

मग ५० मिमी लेन्स का नाही घ्यायची? कारण चौकट अरुंद होते. माझ्या २५ मिमीवर शंभर मीटरला साधारण १८ मीटर रुंदीचं शेत दिसतं, ५० मिमीवर ९ मीटर. टेक्सासवाल्यांच्या शिफारशी इथेच आपल्या कामाच्या नाहीत, त्यांचं काम एका जनावरावर नेम धरायचं, त्यांच्या स्कोपला मोठी लेन्स आणि अरुंद चौकट चालते. आपलं काम रात्रभर चारी बाजू चाळायचं. कळकीच्या नळीतून शेत बघितल्यासारखं झालं तर डुकरं बाजूने निघून जातात. बजेट असेल तर ६४० चा सेन्सर २५ किंवा ३५ मिमीवर सगळ्यात उत्तम, रुंदीही मिळते आणि पिक्सेलही, पण पैसे जवळपास दुप्पट लागतात. नसेल तर ३८४ आणि २५ वर थांबा, २५६ वाल्याच्या मागे लागू नका, निदान तुमचा बांध शंभर मीटरच्या पलीकडे असेल तर अजिबात नाही.

पिक्सेलखालोखाल बघायचं ते एनईटीडी, मिलिकेल्विनमध्ये (अंशाचा हजारावा भाग) लिहितात, किती बारीक तापमानफरक कळतो ते. आकडा जितका कमी तितकं चांगलं. कोरड्या देशात ४० वर भागत असेल, आपल्या कोकणपट्टीच्या ओल्या हवेत २५ किंवा त्याखालचं घ्या, पावसाळी रात्री फरक जाणवतो. फ्रेम रेट ९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला नऊच चित्रं, असेल तर पळणारं जनावर उड्या मारत गेल्यासारखं दिसतं, २५ च्या खाली घेऊ नका. सेल बाहेर काढता येणारा हवा, १८६५० मापाचा, बाजारात सुटा मिळणारा, असेल तर उत्तम, आमच्या माळ्यावर चार्जिंग नाही आणि आतच बसवलेला सेल पहाटे तीनला संपला की बसा. पाण्यापासून संरक्षण आयपी६७.

घेताना एसी दुकानात बघून काहीच कळत नाही. आणि खिडकीच्या काचेतूनही बघू नका, काच ही लहर अडवते, त्यात फक्त तुमचंच धुरकट प्रतिबिंब दिसतं. ऐरोलीच्या एका मित्राने घरी बंद खिडकीतून बघून मशीन खराब म्हणून परत करायचं ठरवलं होतं, गॅलरीत उभा करून दाखवलं तेव्हा पटलं. मी दुसरं मशीन घ्यायच्या आधी विकणाऱ्याला विनंती करून रात्री दहाला उपवन तलावावर नेलं. ओली हवा, समोर पाणी, मागे येऊरचा डोंगर, पलीकडच्या काठावर भटकी कुत्री, म्हणजे शेतासारखंच सगळं. फोनच्या नकाशावर अंतर मोजलं आणि कुत्र्याचे पाय, शेपूट वेगळी दिसतात का ते बघितलं. कुत्रं डुकरापेक्षा लहान, ते ओळखू आलं तर डुक्कर येणारच. नवी मुंबईत असाल तर खाडीकाठची एखादी मोकळी जागा चालेल.

आकार ओळखायची सवय मात्र बसावी लागते. डुक्कर पुढे जड आणि मागे उतरतं, डोकं पाचरीसारखं आणि जवळजवळ कायम खाली, मान दिसतच नाही, पाय अंगाच्या मानाने आखूड. कुत्र्याची कंबर बारीक, पाय लांब, चालताना डोकं वर. वासराची मान वेगळी निघते आणि कान बाजूला पडतात. पिल्लांवाली मादी असेल तर मागे ओळीने ठिपके लागतात. बिबट्या लांब, खाली वाकलेला, शेपटीसकट, आणि चाल अशी की अंग हलल्यासारखं वाटतच नाही. आमच्याकडे एकदाच दिसला, त्या रात्री कुणी माळ्यावरून उतरलं नाही.

आणि हे मी का इतकं सांगतोय ते पण ऐका. पहिल्या मशीनच्या वेळची गोष्ट, पहाटे पाचच्या सुमाराला ओहोळाच्या कडेला एक ठिपका, जमिनीलगत, एका टोकाला उजळ, हळूहळू सरकणारा. नानांच्या हातात सुतळी बॉम्ब, वात पेटवायची बाकी. मला काहीतरी वेगळं वाटलं, उजळ भाग डुकराच्या डोक्याच्या मानाने फार छोटा होता, मी म्हटलं नाना थांबा जरा. अर्ध्या मिनिटाने तो ठिपका उभा राहिला. शेजारच्या वाडीतले आजोबा, घोंगडी पांघरून खेकडे धरायला बसलेले. घोंगडी अंगाची ऊब आतच ठेवते, थर्मलला दिसतो तो फक्त चेहरा आणि हात, बाकी माणूस मातीच्याच रंगाचा. नाना त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, शंभर मीटरच्या आत येऊन आकार पटल्याशिवाय फटाका नाही, दगड नाही, काही नाही. साडेतीन पिक्सेलवर निर्णय घ्यायचाच नाही. आणि कुंपणात वीज सोडायचा विचार कुणी करत असेल तर कृपा करून करू नका, अंधारात तिथून माणसंही जातात, आणि गुन्हा आहे तो वेगळा.

डुक्कर दिसल्यावर आम्ही करतो काय, तर ती कुठल्या बाजूने येतायत हे पंधरा-वीस मिनिटं आधी कळतं, एकजण त्या बांधाच्या टोकाला आधीच जाऊन उभा राहतो, मोठी बॅटरी आणि डबा घेऊन. डुकरं जंगलाची कड सोडून उघड्यावर आली की तिथेच आवाज, म्हणजे ती आल्या वाटेने परत जातात, शेजाऱ्याच्या भातात ढकलली जात नाहीत. या हंगामात आमचं कोपऱ्यावरचं एक खाचर गेलं, मागच्या वर्षी पाच गेली होती. गेलेल्या खाचराचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो सकाळी उजाडल्याबरोबर काढा, वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज उशीर न करता करा, पंचनाम्याआधी बांध सारखा करू नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

एवढं सगळं करूनही एक दूध राहतंच. पहाटे तीन-साडेतीनला ओहोळाकडून खरंखुरं धुकं उठतं, हवेतच पाण्याचे थेंब तरंगत असतात, दहा पावलांवरचा चेहरा लख्ख दिसतो पण चाळीस पावलांवरचा दिसत नाही. तिथे सेटिंग, सेन्सर, लेन्स कशाचाच उपयोग नाही, बटणं दाबत बसू नका. त्या वेळी मी टोपण लावून मोनोक्युलर केसमध्ये टाकतो, शेकोटीत एक लाकूड सरकवतो आणि नानांच्या शेजारी कान देऊन बसतो, कारण भातातली लोंबी चावताना डुकराच्या तोंडाचा कचकच आवाज धुक्यातूनही येतो आणि तो कुठून येतोय हे नानांना डोळे मिटून सांगता येतं.